पेटी डाव्या हाताने: बोटांच्या आधी भाता

पेटी डाव्या हाताने वाजवायची ठरवली की बहुतेक जण पहिले पंधरा दिवस डाव्या हाताच्या बोटांमागे लागतात. बोट चुकलं की कानाला लगेच कळतं, म्हणून लक्ष तिकडेच जातं. खरी अडचण पलीकडच्या बाजूला असते. इतकी वर्षं स्वर वाजवणारा उजवा हात आता भात्यावर गेलेला असतो आणि त्याला स्वस्थ बसवत नाही. डाव्या बोटाने स्वर दाबला की उजवा हातही एक हिसका देतो. गाणं ठेचकाळतं आणि दोष मात्र बोटांना लागतो.

हात बदलणारे साधारण तीन प्रकारचे असतात. डावखुरी मुलं, उजव्या हाताला दुखापत झालेले वादक, आणि हौस किंवा गरज म्हणून दोन्ही हात तयार ठेवू पाहणारे साथीदार. क्लासच्या दारात उभं राहून आईवडील विचारतात, “सर, पोरगं डावखुरं हाय, चालतंय न्हवं?” तेव्हा उत्तर सोपं आहे: चालतंय. नुकतंच शिकायला लागलेल्या डावखुऱ्या मुलाला दोन्ही हातांनी आठ-आठ दिवस वाजवू द्यावं आणि ज्या हाताने ते न सांगता पट्टीला हात घालतं, तो हात धरावा. उजव्या हाताने चार-पाच वर्षं वाजवून झालेल्या माणसाने मात्र कारण असल्याशिवाय बदलू नये. नुसती हौस असेल तर रोजचा उजव्या हाताचा रियाज चालू ठेवून वरचा अर्धा तास डाव्याला द्यावा.

पेटी नवी घ्यावी लागत नाही. असलेल्या पेटीची मागची बाजू मात्र एकदा नीट बघून घ्या. काहींचा भाता वरून उघडतो, काहींचा दारासारखा एका बाजूने. वरून उघडणाऱ्याला कुठलाही हात चालतो. बाजूने उघडणाऱ्या भात्याला दोन्हीकडे खिट्ट्या आहेत का ते पाहा. असतील तर उजवीकडची सोडा आणि डावीकडची लावलेली राहू द्या. एकाच बाजूला उघडण्याची सोय असेल तर उजव्या हाताला बिजागरीजवळ ढकलावं लागतं. तिथे जोर दुप्पट लागतो आणि हवा निम्मी जाते. अशा पेटीवर शिकण्यात अर्थ नाही. दुसरी बघा, नाहीतर पेटी दुरुस्त करणाऱ्याकडून उजवीकडे खिट्टी आणि पलीकडे बिजागरी बसवता येते का ते विचारा.

बसण्याची जागाही बदलते. नेहमीसारखं पेटीच्या समोर मधोमध बसलात तर डावं कोपर बरगडीला चिकटतं आणि मनगट बाहेरच्या बाजूला वाकडं होतं. पेटी एक वीतभर डावीकडे सरकवा, म्हणजे मध्य सप्तक डाव्या खांद्यासमोर येईल. उजवा हात भात्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यावर ठेवा. चार बोटं मागच्या बाजूला, अंगठा वर, पकड सैल. मूठ आवळली की समजा दहा मिनिटांत खांदा भरून येणार.

भाता

पेटीत भाते दोन असतात. बाहेरचा आपण हलवतो तो, आणि दुसरा पेटीच्या पोटात, स्प्रिंगांनी दाबलेला. बाहेरचा उघडताना पेटी श्वास घेते, दाबताना तो पोटात भरते, आणि रीडला (सूर काढणाऱ्या धातूच्या पातीला) हवा मिळते ती पोटातल्या साठ्यातून. साठा अर्धा-पाऊण भरलेला असेल तर हाताचे लहानसहान हिसके तो गिळून टाकतो. काठोकाठ भरलेला असताना आणखी दाबलं की तोच हिसका सरळ सुरात उतरतो, आवाज कर्कश होतो आणि सूर किंचित हलतो. साठा संपत आला की उलटं होतं: आवाज खाली बसतो आणि खर्जाच्या रीड बोलायला उशीर लावतात.

उजव्या हातात ताकद जास्त असते, त्यामुळे हात बदलणाऱ्याची पेटी जवळजवळ नेहमी काठोकाठ भरलेली असते. पहिला आठवडा म्हणून फक्त भात्याला द्या. समोरचा एकच नॉब उघडा, तोही मधल्या रीडचा. कपलर (दाबलेल्या पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातला तोच स्वर वाजवणारी सोय) बंद, सततच्या षड्जाचे नॉब बंद. डाव्या हाताच्या मधल्या बोटाने काळी १ (सप्तकातली पहिली काळी पट्टी) दाबून धरा आणि उजव्या हाताने चार मात्रा सावकाश दाबत, पाचव्या मात्रेला पटकन उघडत भाता चालवा. मात्रा मिनिटाला ६०. फोनवर लय देणारं कुठलंही अ‍ॅप चालेल. दोन मिनिटं रेकॉर्ड करून डोळे मिटून ऐका. भाता कुठे उघडला ते आवाजावरून ओळखू आलं तर काम बाकी आहे.

चौथी मात्रा संपायच्या आधीच भाता घट्ट लागून थांबत असेल तर तुम्ही जोरात दाबताय. अंतर कमी करा. भाता पुरता उघडायची गरज नसते, चार-पाच बोटं उघडला तरी एका स्वराला पुष्कळ हवा मिळते. हा आकडा पेटीगणिक बदलतो. म्हणून पहिल्या दिवशीच एक चाचणी करून ठेवा. सात वेळा पूर्ण भाता मारायचा, हात काढायचा, एक स्वर दाबून आवाज बंद पडेपर्यंत मोजायचं आणि आकडा पेटीच्या झाकणाला आतून पेन्सिलीने लिहायचा. पुढे कधी तो आकडा निम्म्यावर आला तर तुमचा हात बिघडलेला नसतो, पेटी गळतेय: भात्याच्या घडीत चीर पडलीय, नाहीतर आतली चामड्याची झडप वाळून वाकडी झालीय.

आता बोटं आणि भाता एकमेकांपासून सोडवायचे. यासाठी एक साधा हिशोब उपयोगी पडतो. भाता पाच मात्रांच्या फेऱ्यात चालतोय (चार दाबणं, एक उघडणं). पांढरी १ चा सा धरून चार-चार स्वरांचा पलटा घ्या:

सारेगम, रेगमप, गमपध, मपधनी, पधनीसां

एका मात्रेला एक स्वर. चौकडी पाच, स्वर वीस. भात्याचे बरोबर चार फेरे. म्हणजे भाता दर वेळी चौकडीतल्या वेगळ्या ठिकाणी उघडतो: पहिला फेरा संपतो रेगमपच्या ‘रे’वर, दुसरा गमपधच्या ‘म’वर, तिसरा मपधनीच्या ‘ध’वर आणि चौथा शेवटच्या ‘सां’वर. तिथे पलटा आणि भाता एकदम घरी येतात. आधी हे बोटाशिवाय, तोंडाने सरगम म्हणत आणि भाता मारत करा, मग डावा हात घाला. सगळ्या पट्ट्या पांढऱ्या असल्याने बोटांना डोकं लावावं लागत नाही. प्रत्येक चौकडीला अनामिका, मधलं, तर्जनी, अंगठा, आणि पुढच्या चौकडीला पंजा एक पट्टी उजवीकडे.

भाता आणि स्वर एकदम हलायला लागले की हा पलटा लगेच मोडतो. म्हणूनच तो उपयोगाचा आहे. सलग दहा वेळा न मोडता आला की पुढे जा. काहींना चार दिवस लागतात, काहींना तीन आठवडे. आठवड्यांची घाई इथे करू नका, ती पुढे दामदुप्पट वसूल होते.

डाव्या हाताची बोटं

इथे एक गोष्ट उजव्या हाताने वाजवणाऱ्याच्या फायद्याची आहे आणि ती बहुतेक जण वाया घालवतात. पांढरी १ वर उजव्या हाताचा आरोह असा: अंगठा, तर्जनी, मधलं, मग अंगठा खालून काढून ‘म’वर, आणि पुढे तर्जनी, मधलं, अनामिका, करंगळी. डाव्या हाताचा अवरोह हुबेहूब तसाच आहे. सां अंगठा, नी तर्जनी, ध मधलं, मग अंगठा खालून काढून ‘प’वर, म तर्जनी, ग मधलं, रे अनामिका, सा करंगळी. बोटांना हा क्रम पाठ आहे, फक्त दिशा उलटी. म्हणून डाव्या हाताची सुरुवात अवरोहापासून करा. आरोहापासून सुरुवात केली तर पहिलाच स्वर करंगळीवर येतो, ती लुळी, आणि माणूस तिथेच कंटाळतो.

आरोहात डाव्या हाताला वेगळं काम असतं. सा करंगळी, रे अनामिका, ग मधलं, म तर्जनी, प अंगठा. आता अंगठ्यावरून मधलं बोट ओलांडून ‘ध’वर, मग नी तर्जनी, सां अंगठा. या ओलांडण्याच्या जागी बहुतेकांचा भाता थांबतो. मन अंगठ्यात अडकतं, उजवा हात विसरतो आणि नेमका ‘ध’ मरतो. त्यावर उपाय एकच: फक्त प-ध, प-ध असे दोनच स्वर घ्या आणि भाता पाचच्या फेऱ्यात चालू ठेवा. कोपर बाहेर उचललं जात असेल तर काखेत रुमालाची घडी धरून वाजवा. ती पडली की समजतं.

पांढरी १ वर हात बसला की लगेच काळी १ वर या, कारण आपल्याकडे पुरुष मंडळी बहुधा काळी १-२ ला आणि बायका काळी ४-५ ला गातात. साथ तिथेच करायचीय. बिलावलचे, म्हणजे सगळे शुद्ध, स्वर काळी १ वर घेतले की सा, रे, म, प, ध काळ्या पट्ट्यांवर पडतात आणि फक्त ग आणि नी पांढऱ्यांवर. अंगठा आखूड, म्हणून तो पांढऱ्यावरच ठेवायचा. दोन्ही हातांना हाच नियम लागतो. डाव्या हाताचा आरोह मग असा: सा मधलं, रे तर्जनी, ग अंगठा, म अनामिका, प मधलं, ध तर्जनी, नी अंगठा, सां मधलं. अवरोह हाच उलटा. ‘ग’ नंतर अनामिका आणि ‘नी’ नंतर मधलं बोट ओलांडायचं, एवढंच लक्षात ठेवायचं. अंगठा काळ्या पट्टीवर चढला की मनगट पुढे ढकललं जातं आणि पुढचे दोन स्वर घाईत पडतात. शिकवणाऱ्याने बघायची जागा हीच.

कोमल स्वरांचे राग नंतर. आधी भूप घ्या: सा रे ग प ध. काळी १ वर एकच स्वर, ग, पांढऱ्यावर. तिथे अंगठा, बाकी सगळं काळ्यावर. नवख्या डाव्या हाताला याहून सोपी जागा पेटीवर नाही.

कणस्वरांत (मुख्य स्वराला ओझरता लागणारा शेजारचा स्वर) एक गंमत दिसते. उजव्या हाताने वाजवताना वरचा कण अनामिकेने किंवा करंगळीने लागतो, म्हणून बारीक आणि थोडा कच्चा येतो. डाव्या हातात वरच्या बाजूला तर्जनी आणि अंगठा असतात, त्यामुळे वरचा कण अचानक ठसठशीत लागायला लागतो. पण खालून येणारा कण आता अशक्त बोटांवर गेला. खटका आणि मुरकी घेताना हे लक्षात ठेवा, नाहीतर वरचे स्वर ढकलल्यासारखे वाजतात. पेटीवादक गोविंदराव टेंब्यांच्या (१८८१–१९५५) कोल्हापुरात पेटी ऐकणारे कान तयार आहेत. देवल क्लब या १८८३ पासून चालू असलेल्या संगीतसंस्थेच्या बैठकीत हात कोणता याकडे कुणी बघणार नाही, ढकललेला स्वर मात्र मागच्या रांगेत कळेल.

रोज किती? पंचवीस-तीस मिनिटं पुरतात. पाच मिनिटं नुसता भाता, दहा मिनिटं पलटे, उरलेला वेळ पाठ असलेलं काहीतरी, म्हणजे रोजची आरती किंवा एखादा अभंग. नवीन चीज या काळात घेऊ नका. चाल शोधताना भाता विसरतो.

मंडळात पहिल्यांदा वाजवायची वेळ एकादशीच्या भजनावर काढू नका. तिथे टाळ-मृदंगापुढे पेटी ऐकू यावी म्हणून कपलर लावतात आणि सगळे नॉब उघडतात. हवा कितीतरी जास्त लागते आणि घरी कमावलेला सावकाश भाता पाच मिनिटांत विसरून हात पंप मारायला लागतो. आधी घरी कपलर लावून, दोन नॉब उघडून आठ दिवस वाजवा. मग बुवांना सांगा की गजर सोडून बाकीच्याला बसतो.

दुखापत असेल तर

उजव्या हाताची बोटं गेली पण मनगट आणि खांदा ठीक असेल तर भाता तळहाताच्या टाचेने ढकलता येतो. उघडायला भात्याच्या कोपऱ्याला कापडी पट्ट्याचं कडं लावून घ्या, त्यात हात अडकवून ओढता येतं. प्लास्टर निघाल्या निघाल्या हे करू नका, फिजिओथेरपीवाल्याला भात्याची हालचाल करून दाखवा आणि त्याने होकार दिल्यावरच बसा. उजवा हात अजिबातच चालत नसेल तर पायपेटी. संगीत नाटकांमुळे आपल्या भागाला ती परकी नाही. भाता पायाने चालतो, स्वर डाव्या हाताने. फक्त पायाची लय गाण्याच्या लयीला बांधली जाते, पुन्हा तोच पाच-चारचा पलटा करावा लागतो.

पावसाचं एक. पंचगंगेला पाणी चढायला लागलं की पेटीच्या पट्ट्या फुगून अडकायला लागतात. डाव्या हाताने नवं शिकणाऱ्याला वाटतं आपलं बोट उचललं जात नाहीये. पट्टी नखाने वर ओढून बघा. आपोआप उसळली नाही तर ती लाकडाची चूक. पेटी भिंतीला टेकवून ठेवू नका, पेटीच्या खोक्यात सिलिका जेलच्या दोन-चार पुड्या टाका, आणि उन्हात मात्र कधीही वाळवू नका. लाकूड तडकतं.

तबला, बासरी, सतार

तबल्याला हात बदलणं सगळ्यात स्वस्त: जागा बदला, झालं. तबला डाव्या हाताला, डग्गा उजव्या. डग्ग्याची शाई (काळा गोल) मधोमध नसते. मोकळी रुंद बाजू मनगटाखाली येईल असा तो फिरवून ठेवा, नाहीतर घुमारा येत नाही. ‘ना’ला तर्जनी चाटेवर (कडेच्या पट्टीवर) आणि अनामिका शाईच्या कडेला नुसती टेकलेली. नव्या हाताची अनामिका दाबते आणि ‘ना’ ठप्प वाजतो, तेव्हा अनामिका पूर्ण उचलून, मग हळूहळू टेकवत नेमका दाब शोधा. डग्ग्यावर दोष उलटा असतो. उजव्या हाताचा जोर जास्त, म्हणून ‘धा’ तबल्याला गिळतो. दादरा मिनिटाला ५० मात्रांनी घ्या: धा धी ना, धा ती ना. ‘ती’ला डग्गा नसतो, तिथे उजवा हात आपोआप पडतोय का ते बघा. पडतोच. पहिले आठ दिवस दुसरं काही वाजवू नका.

हलगीवाल्यांची यातून बरीच सुटका असते. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्यात बारीक काडी, दोन्ही हात आधीच कामाला लागलेले.

बासरी सरळ दुसऱ्या बाजूला धरता येते, पण छिद्रं फुंकेच्या छिद्राच्या रेषेत असतील तरच. मोठ्या बासरीवर करंगळीच्या सोयीसाठी एखादं छिद्र बाजूला सरकवलेलं असेल तर ती उलटी चालत नाही. ओठांची जागा दोन महिने फसवते: फुंक छिद्राच्या एका कडेने निसटते आणि वरच्या सप्तकात शीळ येते. आरशासमोर बसून छिद्र ओठांच्या मधोमध आणा. पंडित हरिप्रसाद चौरसिया यांनी अन्नपूर्णादेवींकडे शिकायला लागताना बासरीची बाजू बदलली आणि पुढचं सगळं नाव त्या हाताने कमावलं. एवढी तयारी असलेला माणूसही सुरुवातीपासून सुरुवात करायला बसला, हे घाई करणाऱ्या पालकांना सांगायला बरं पडतं.

सतार, गिटार, व्हायोलिनचं तसं नाही. गिटारच्या नुसत्या तारा उलट्या लावल्या तर वरच्या खोबणीत जाड तार बसत नाही आणि खालच्या पट्टीचा तिरकसपणा उलटा पडून सूर बिघडतात. दोन्ही बदलावे लागतात. व्हायोलिनच्या पोटातही पट्टी एका बाजूला आणि आधाराची खुंटी दुसऱ्या बाजूला असते, म्हणून ते डावखुरं बनवूनच घ्यावं. सतारीसाठी कोल्हापूरकर नशीबवान, सतारीच्या कारागिरांचं मिरज पन्नासेक किलोमीटरवर. पण तिथे जाऊन “डावखुरी सतार पाहिजे” एवढंच सांगू नका. बाजाची तार, चिकारी, तरफांच्या खुंट्या, सगळ्यांच्या बाजू बदलतात आणि बोलण्यात गोंधळ होतो. नेहमीच्या सतारीचा समोरून आणि बाजूने फोटो काढा, फोनमध्ये तो आडवा उलटा करा आणि तोच कारागिराच्या हातात द्या. मिजराब (तार छेडायची तारेची नखी) उजव्या तर्जनीच्या मापाचा नेऊ नका. डावी तर्जनी बहुतेकांची थोडी बारीक असते, आणि सैल मिजराब जलद ‘झाला’ वाजवताना फिरतो.